महागड्या स्पीकर केबलचे पैसे वसूल होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा: महागडी स्पीकर केबल घ्यावी का?

नको. पुरेशा जाडीची, अस्सल तांब्याची वायर घ्या, दोन्ही टोकांना घट्ट बसवा, अधिक-उणे नीट जोडा आणि गाणी ऐकायला बसा. त्यापुढे जे पैसे जातात त्यांतून देखणं वेष्टण मिळतं, चकचकीत प्लग मिळतात, खोका तर दागिन्यांच्या डबीसारखा मिळतो. आवाजात भर पडत नाही. अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके, आणि गंमत म्हणजे त्यांतही महागडी केबल क्वचितच लागते. ज्यांना कारणं हवी आहेत त्यांनी पुढे वाचावं, बाकीच्यांनी जाडीचा प्रश्न तेवढा वाचून थांबलं तरी चालेल.

म्हणजे केबलमुळे आवाज बदलतच नाही?

बदलू शकतो. "सगळ्या वायरी सारख्याच" हेही तितकंच चुकीचं आहे. केबलच्या अंगी आवाजाशी संबंध असलेले तीन गुण असतात: रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स. तिन्ही साध्या उपकरणानं मोजता येतात आणि तिघांचा परिणाम कागदावर गणित करून आधीच सांगता येतो.

पहिल्यांदा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा रोध, कारण नव्वद टक्के गोष्ट तिथेच संपते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या (म्हणजे कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ तेवढं असलेल्या) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. तार जाड झाली की त्याच पटीत रोध कमी. आता अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि स्पीकर ३ मीटरवर ठेवा. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी धरायची ६ मीटर. एकूण रोध ०.०४ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. या हिशेबात आवाज घटतो तो ०.०४५ डेसिबलनं. तालीम झालेले कान, शांत खोली, पटकन अदलाबदल करायची सोय, असं सगळं जुळून आलं तरी माणसाला साधारण ०.२ डेसिबलच्या आसपासचा फरक कळतो. इथे त्याच्या पाव भागाएवढाही फरक नाही.

आता उलट टोक पाहा. अर्ध्या स्क्वेअर एमएमची केसासारखी वायर, १० मीटर अंतर, स्पीकर ४ ओहमचा. रोध होतो जवळजवळ ०.७ ओहम आणि घट होते १.४ डेसिबल. नुसता आवाज कमी झाला असता तर नॉब थोडा फिरवून भागलं असतं. पण स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा त्याचा एकूण अडथळा, सगळ्या सुरांना सारखा नसतो. एखादा "४ ओहम"चा स्पीकर काही ठिकाणी खरंच ४ असतो आणि काही ठिकाणी २० पर्यंत चढतो. जिथे ४ आहे तिथे १.४ डेसिबल जातात, जिथे २० आहे तिथे फक्त ०.३. म्हणजे स्पीकरचा तोलच एक डेसिबलनं बिघडला. हा फरक ऐकू येतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे जाड वायर. महाग वायर हा नव्हे.

इंडक्टन्स म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, त्याचा त्रास वरच्या सुरांना. साध्या जोडवायरीच्या ३ मीटरमध्ये तो २ मायक्रोहेन्रीच्या आसपास भरतो. ऐकण्याच्या वरच्या सीमेवर, २० किलोहर्ट्झला, त्याचा अडथळा पाव ओहमचा. दोन्ही तारा एकमेकींना चिकटून चालल्या की तो कमी राहतो, लांब लांब पसरल्या की वाढतो. कपॅसिटन्स, म्हणजे दोन तारांमध्ये विद्युतभार साठवण्याची क्षमता, बहुतेक वेळा इतका नगण्य असतो की त्याचं नाव घ्यायचं ते फक्त अपवादांत.

मग किती जाडीची घ्यायची?

एक सोयीचा नियम आहे: जाऊन-येऊन केबलचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. या नियमानं दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे १७ मीटरपर्यंत पुरते आणि ४ ओहमच्या स्पीकरला ८.५ मीटरपर्यंत. अडीचची वायर घेतली तर हेच आकडे २९ आणि १४.५ मीटर होतात. चार स्क्वेअर एमएमची वायर घरात लावायची वेळ आली तर एक तर घर फार मोठं आहे, नाही तर स्पीकर चुकीच्या खोलीत आहे.

मी स्वतः ५ टक्क्यांपेक्षा कडक राहतो आणि डोळे झाकून अडीचची घेतो. दीड आणि अडीचमध्ये पैशांचा फरक किरकोळ असतो आणि पुढे ४ ओहमचे स्पीकर आले तरी वायर बदलावी लागत नाही. त्याहून जाड वायर बऱ्याचदा प्लगच्या भोकात नीट बसत नाही, कोपऱ्यात वळत नाही आणि टर्मिनलवर ओझं टाकते.

काही वेष्टणांवर १२, १४, १६ असे आकडे असतात. ते काय?

अमेरिकन गेज, म्हणजे एडब्ल्यूजी. आकडा लहान तितकी वायर जाड, इथेच लोकांचा गोंधळ होतो. १२ गेज म्हणजे सुमारे ३.३ स्क्वेअर एमएम, १४ म्हणजे २.१, १६ म्हणजे १.३ आणि १८ म्हणजे ०.८. तीन आकडे खाली आलं की तांबं दुप्पट. घरगुती वापराला १४ उत्तम, जवळच्या अंतराला १६ पुरे.

बाहेरून दिसणाऱ्या जाडीवर मात्र जाऊ नका. करंगळीएवढ्या दिसणाऱ्या केबलच्या आत बऱ्याचदा भरमसाट प्लास्टिक आणि मधोमध बारीकशी तार असते.

"ऑक्सिजनमुक्त तांबं", ओएफसी, ९९.९९ टक्के... यात तथ्य किती?

ऑक्सिजनमुक्त तांबं नावाची गोष्ट असते, हे खरं. त्याला खरा उपयोगही आहे: निर्वात नळ्या आणि तसल्या उपकरणांत, जिथे तापलेल्या धातूतून वायू सुटणं परवडत नाही. वीज वाहून नेण्याच्या बाबतीत ते आणि साधं विद्युत दर्जाचं तांबं यांत जेमतेम एक टक्क्याचा फरक. तुमच्या केबलचा रोध ०.०४ ओहम असेल तर त्याचा एक टक्का किती होतो ते बघा, आणि वेष्टणावरचे नऊ किती आहेत ते मोजत बसू नका.

तरीही वेष्टणावर ओएफसी लिहिलेलं असणं कामाचं ठरतं, ते वेगळ्याच कारणानं. निदान आत तांबंच आहे असा दावा तरी त्यातून होतो. पुढचा प्रश्न त्याचाच.

स्वस्त वायरीत फसवणूक होत नाही का?

होते, आणि महागड्या केबलच्या भीतीपोटी अगदीच स्वस्त वायर उचलणारे हमखास तिथे सापडतात. तिचं नाव सीसीए: आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. वीज वाहण्याची तिची ताकद तांब्याच्या ६० ते ६५ टक्के. म्हणजे अडीचची म्हणून घेतलेली वायर प्रत्यक्षात दीडच्या तांब्याचं काम करते. शिवाय दोन-चारदा वाकवली की तिचे धागे तुटतात.

ओळखायची कशी? वेटोळं हातात घ्या. सीसीए हलकी लागते, कारण ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मग टोकाचं प्लास्टिक सोलून एकच धागा बाजूला काढा, तो नखावर धरा आणि ब्लेडच्या पात्यानं हलकेच खरवडा. तांबं असेल तर कितीही खरवडलं तरी लालच राहतं. सीसीए असेल तर दोन-तीन घासांत लाल रंग उडतो आणि खालून पांढरी चमक डोकावते. इथे एक सावधगिरी: काही चांगल्या वायरींवर कथलाचा थर असतो. त्या बाहेरून चंदेरी आणि आतून लाल दिसतात, म्हणजे बरोबर उलट. त्या बिनधास्त घ्या. कथलामुळे तांबं काळवंडत नाही.

सीसीए वापरूच नये असं नाही. जवळच्या लहान स्पीकरला ती चालते. तांब्याच्या भावात गळ्यात मारून घेऊ नये, इतकंच.

चांदीची केबल? सोन्याचे प्लग?

चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्के चांगली वाहक आहे. तांब्याची वायर ६ टक्के जाड घेतली की चांदीची बरोबरी झाली. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक. प्लगवर त्याचा मुलामा देतात कारण ते गंजत नाही, आणि दमट हवेत त्याचा उपयोग होतो. चांदीनं "वरचे सूर झगमगतात" आणि तांब्यानं "आवाज उबदार होतो" ही वर्णनं धातूंच्या रंगावरून सुचलेली आहेत असा माझा संशय आहे. काळ्या रबरात गुंडाळून दिल्यावर ती कुणाला सुचलेली मी पाहिलेली नाहीत.

स्किन इफेक्टचं काय? विक्रेत्यानं आकृती काढून दाखवली.

आकृती बरोबर असेल, प्रमाण चुकीचं असतं. वाढत्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या कडेकडेनं वाहायला लागतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला तो मोठाच प्रश्न आहे. पण २० किलोहर्ट्झला करंट तांब्यात पृष्ठभागापासून साधारण जेवढा आत शिरतो ती खोली ०.४६ मिलिमीटर असते, आणि अडीचच्या तारेची त्रिज्या ०.९ मिलिमीटरच्या आत. म्हणजे सगळ्यात वरच्या सुरालाही रोध पाव पटीच्या आसपास वाढतो: ०.०४ चा ०.०५ ओहम होतो. बहुतेक प्रौढांना २० किलोहर्ट्झ ऐकूच येत नाही, ही आणखी एक गोष्ट.

बारीक धाग्यांची वायर घेऊन हा परिणाम टळतो, असंही सांगतात. धागे एकमेकांना उघडे टेकलेले असतील तर वीज त्यांना एकच जाड तार समजते. प्रत्येक धाग्याला वेगळं वार्निश असेल तरच फरक पडतो, आणि तोही वर सांगितला तेवढ्याचाच.

डॅम्पिंग फॅक्टर कमी होऊन बास ढिला पडतो म्हणतात.

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतो, म्हणून नीट बघू. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे स्पीकरच्या ओहमला ॲम्प्लिफायरच्या आतल्या रोधानं भागून येणारा आकडा. तो २०० असेल तर ८ ओहमच्या हिशेबात त्याचा आतला रोध ०.०४ ओहम. केबलनं आणखी ०.०४ घातले की आकडा २०० वरून १०० वर येतो. अर्धा झाला! घाबरायला हा आकडा पुरेसा आहे.

पण स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या शंकूला लगाम घालणारा करंट ज्या वर्तुळातून फिरतो त्यात स्पीकरची व्हॉइस कॉइलही असते. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्या बारीक तारेच्या वेटोळ्याचा रोध ६ ओहमच्या घरात असतो. म्हणजे खरी तुलना ६.०४ विरुद्ध ६.०८ अशी. एक टक्क्यापेक्षा कमी. त्यातून क्रॉसओव्हरमधल्या (पेटीत वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या भागातल्या) कॉइलचे दशांश ओहम वेगळेच. एका बाजूला बागेच्या नळीएवढी केबल, दुसऱ्या बाजूला पेटीच्या आत मीटरच्या मीटर गुंडाळलेली सुतासारखी तार, आणि दोन्ही एकाच मार्गावर. एकदा जुना फाटलेला स्पीकर उघडून ती कॉइल हातात धरून बघा.

पण मी स्वतः ऐकलंय! नवी केबल लावली आणि आवाज खुलला.

तुम्ही ऐकलं यात मला शंका नाही, कारण मीही ऐकलं होतं.

एका मित्रानं त्याची भारी केबल आठवडाभर वापरायला दिली. जाळीदार काळं वेष्टण, टोकांना जड प्लग, वजन असं की टर्मिनल निघून हातात येईल की काय वाटावं. रात्री जमिनीवर बसून, मोबाइलच्या उजेडात जुनी वायर काढली, नवी लावली आणि एका गायिकेचं नेहमीचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच ओळीला तोंडातून "अरे!" निघालं. इतके दिवस खोलीभर पसरलेला तिचा आवाज बरोबर दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. बास तर जणू आजवर नव्हताच. मी त्याच रात्री मित्राला लांबलचक मेसेज पाठवला, त्यात काय काय विशेषणं होती ते आता सांगवत नाही.

आठवड्यानं केबल परत केली आणि जुनी वायर पुन्हा जोडायला बसलो. या वेळी दिवसाउजेडी, एका तारेवरची बारीक लाल रेघ बघून. गाणं लावलं तर गायिका मधोमधच उभी, बास जागच्या जागी. उजवा स्पीकर दोन वर्षं उलटा जोडलेला होता, अधिकाच्या जागी उणे. एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे, आणि दोघांनी मिळून बास खाऊन टाकलेला. भारी केबलच्या प्लगवर लाल-काळे रंग ठळक होते म्हणून ती बरोबर लागली, एवढंच तिचं कर्तृत्व.

केबल बदलताना केबलखेरीज बरंच काही बदलतं. काळवंडलेलं टर्मिनल पुसलं जातं, सैल झालेलं बूच घट्ट होतं, स्पीकर दोन बोटं सरकतो, आवाजाचा नॉब हलतो. अर्धा डेसिबल मोठा वाजलेला आवाज कानाला "मोठा" वाटत नाही, तो "स्वच्छ" वाटतो. आणि यांतलं काहीच घडलं नाही तरी आपण बदललेले असतो: कान टवकारून, नवं काही सापडेल म्हणून ऐकत असतो. त्याच गाण्यात तशा कानानं दुसऱ्यांदा ऐकलं की नवं सापडतंच.

न बघता केलेल्या चाचण्यांत काय निघालं?

थोडा इतिहास. १९७० च्या दशकापर्यंत लोक टेबल-लॅम्पला लावायची साधी जोडवायर स्पीकरला लावत. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल बाजारात आणली आणि वायर हीसुद्धा विकण्यासारखी वस्तू झाली. ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी याच केबलची तुलना १६ गेजच्या लॅम्पवायरीशी आणि २४ गेजच्या अगदी बारीक वायरीशी केली. संगीत ऐकताना लॅम्पवायर आणि महागडी केबल यांतली कुठली कोणती हे ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही. बारीक वायर तेवढी वेगळी पडली, आणि वरचं गणित तेच सांगतं.

१९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात वेगवेगळ्या बांधणीच्या केबलची मोजमापं छापली. ॲम्प्लिफायर, केबल आणि स्पीकर यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते त्यांत होतं. रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स या ओळखीच्या तिघांपलीकडे चौथं गूढ काही लागलं नाही.

२००७ मध्ये जादूगार आणि अंधश्रद्धेचे टीकाकार जेम्स रँडी यांनी त्यांचं दहा लाख डॉलरचं बक्षीस अत्यंत महागड्या स्पीकर केबललाही लागू केलं: न बघता साध्या चांगल्या केबलपासून वेगळी ओळखून दाखवा आणि घेऊन जा. बोलणी झाली, वाद झाले, चाचणी काही झाली नाही.

अशी चाचणी घरी करता येईल?

येईल, आणि जरूर करा. दोन्ही केबल हाताशी ठेवा. मदतनिसानं नाणं उडवायचं, छापा आला तर पहिली केबल, काटा आला तर दुसरी, आणि वहीत नोंद करायची. तुम्ही तेवढा वेळ खोलीबाहेर. जोडून झालं की त्यानं दुसऱ्या दारानं निघून जायचं, कारण माणसाच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं. टर्मिनल कापडाखाली झाका. आवाजाच्या नॉबला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही आत या, तेच गाणं ऐका, उत्तर लिहा. असं १६ वेळा.

नुसत्या अंदाजानं १६ पैकी सरासरी ८ बरोबर येतात. १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबानं ३.८ टक्के आहे, तेव्हा १२ आले तर मी ऐकून घेईन. ११ ला नाही.

यावर आक्षेप असतो की केबल बदलायला दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात आवाज स्मरणात राहत नाही. अगदी मान्य. पण मग ज्यांनी दुकानात एक केबल ऐकली, घरी येऊन दुसरी ऐकली आणि जमीन-अस्मानाचा फरक सांगितला, त्यांचं स्मरण कुठून आलं?

केबल "मुरायला" शंभर तास लागतात का?

केबलला नाही, कानाला लागतात. परत करायची मुदत तोवर टळते, हाही एक योगायोग.

केबलवर बाण असतो. उलटी लावली तर?

काही होत नाही. स्पीकरचा करंट एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण वाचता येत नाही. दोन उपकरणांना जोडणाऱ्या काही केबलमध्ये बाहेरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला अर्थ आहे. स्पीकर वायरीला नाही.

डावी आणि उजवी केबल सारख्याच लांबीची हवी का?

एक ३ मीटरनं जास्त लांब असली तर तिचा आवाज १५ नॅनोसेकंद उशिरा निघेल. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून ५ मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. श्वास घेताना तुमचं डोकं त्याहून जास्त हलतं. वायर पुरेशी जाड असेल तर लांबी निरनिराळी राहू द्या. उरलेली वायर टीव्हीमागे गुंडाळून ठेवण्यापेक्षा कापून टाकलेली बरी.

बनाना प्लग घ्यावेत की उघडी तार चालेल?

उघडी तार, नीट पिळून, घट्ट आवळली तर विजेच्या दृष्टीनं उत्तमच. तिचे दोष दोन. कालांतरानं तांबं काळं पडतं आणि बूच सैल होतं, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी टोक कापून नवं सोलावं लागतं. दुसरा दोष गंभीर आहे: पिळातून सुटलेला एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट होतो, आणि चालू ॲम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतात. ऑडिओच्या छंदात वायरीनं केलेलं खरं नुकसान मी पाहिलं आहे ते असलंच.

म्हणून स्पीकर वरचेवर हलवत असाल तर स्क्रूवाले साधे बनाना प्लग (टर्मिनलच्या भोकात सरळ घुसवायचे प्लग) लावा. तार सोलताना धागे छाटले जाणार नाहीत इतपत ब्लेड दाबा, सगळे धागे भोकात गेलेत का ते बघा, आणि एकदा ओढून पाहा. जोडण्याआधी ॲम्प्लिफायर बंद, हे सांगायला नको.

उलटसुलट जोडलंय का हे तपासायचं असेल तर ॲम्प्लिफायरच्या टोकाची वायर काढून तिला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक वायरीच्या अधिकाला लावल्यावर वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा, शंकू बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर सारखेच वागले पाहिजेत.

बाय-वायरिंगनं फरक पडतो?

एका स्पीकरला दोन जोड्या वायरी लावून फार तर तांबं दुप्पट होतं. जाड वायर एकच लावून तेच साधतं. स्पीकरच्या मागे दोन जोड्या टर्मिनल असतील तर त्यांच्यामधली पत्र्याची पट्टी घट्ट आहे एवढं बघा.

खरे अपवाद कोणते?

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, म्हणजे शंकूऐवजी विद्युतभारानं हलणारा पातळ पडदा असलेले. त्यांचा इम्पिडन्स वरच्या सुरांना एक-दोन ओहमपर्यंत उतरू शकतो, तिथे केबलचा पाव ओहमचा इंडक्टिव्ह अडथळा खरोखर जाणवतो. केबल आखूड ठेवणं आणि दोन्ही तारा जवळ राखणं हा त्यावरचा इलाज.

दुसरा अपवाद उलट्या अंगाचा आहे. इंडक्टन्स खूप कमी करायला काही केबल चपट्या पट्ट्यांच्या किंवा वेणीसारख्या विणतात, त्यात कपॅसिटन्स भलताच वाढतो. काही ॲम्प्लिफायरांना ते सोसत नाही: ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ते आतल्या आत थरथरायला लागतात, तापतात, प्रसंगी जळतात. म्हणजे इथे महागडी केबल वाचवत नाही, मारते.

तिसरं, केबलच्या मध्ये छोटी डबी असलेले प्रकार. डबीत कॉइल आणि कपॅसिटर असतात. त्यांनी आवाज खरंच बदलू शकतो, कारण तो फिल्टर आहे. ज्या केबलचा "स्वभाव" ऐकू येतो तिनं मूळ आवाजात ढवळाढवळ केलेली असते.

आणि फार मोठी अंतरं. शाळा, सभागृह, स्थानक अशा ठिकाणी शेकडो मीटर वायर टाकताना जाडी वाढवत बसत नाहीत. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज ७० किंवा १०० पर्यंत चढवतात, करंट कमी होतो आणि बारीक वायर पुरते. वीजकंपनी गावोगाव वीज नेते त्याच युक्तीनं.

भिंतीतून किंवा छतातून वायर नेणार असाल तर आग न पसरवणाऱ्या वेष्टणाची घ्या. तिथे दोन पैसे जास्त जरूर मोजा.

केबल जमिनीवर टेकू नये म्हणून छोटे स्टँड मिळतात...

झाडायला सोपं जातं.

बजेटच्या दहा टक्के केबलवर खर्च करावेत, असा नियम आहे ना?

असतो, विक्रेत्यांकडे. केबलच्या किमतीचा संबंध लांबी आणि जाडीशी असावा, स्पीकरच्या किमतीशी नसावा. दसपट महाग स्पीकर घेतला म्हणून ३ मीटर अंतर ३० मीटर होत नाही. केबल स्पीकरपेक्षा महाग झालेलीही मी पाहिली आहे: नाकापेक्षा मोती जड.

मग ते पैसे कुठे घालावेत?

आधी न घालता काय होतं ते बघा. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला आणा. खोलीची लांबी ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास बासची लाट दोन भिंतींमध्ये अडकते. कुठे ती घुमते, कुठे नाहीशी होते, आणि फरक दहा-दहा डेसिबलचा असतो. केबलवाला ०.०४५ डेसिबल आठवा. खुर्ची दीड हात सरकवली तर यातला बराच फरक फुकट हाती लागतो.

मग पैसे: जाड गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदे. मोजमापासाठी साधा मायक्रोफोन आणि इक्वलायझर. आणि शेवटी चांगले स्पीकर, कारण सगळ्या साखळीत सगळ्यात जास्त चुका अजूनही तेच करतात.

ॲक्टिव्ह स्पीकर असतील तर?

ॲम्प्लिफायर पेटीतच असतो, स्पीकर केबलचा प्रश्नच मिटतो. सिग्नलची केबल लांब असेल आणि घुर्र असा आवाज येत असेल तर बॅलन्स्ड केबल (सिग्नल दोन तारांतून नेऊन बाहेरचा आवाज काढून टाकणारी) वापरा.

एचडीएमआय, ऑप्टिकल, पॉवर केबल?

डिजिटल केबल एक तर चालते, नाही तर चित्र-आवाज तुटक येतो. मधली "थोडी उबदार" अवस्था नाही. पॉवर केबलबद्दल एवढंच: भिंतीच्या आत कितीतरी मीटर साधी वायर आहे, शेवटच्या दीड मीटरला तिच्या आधीचं काही दुरुस्त करता येत नाही.

मी आधीच महागडी केबल घेऊन बसलोय. आता?

वापरा की! जाड आणि तांब्याची असेल तर तीही उत्तमच काम करते, लाज वाटायचं कारण नाही. फक्त प्लगच्या वजनानं टर्मिनल सैल होत नाहीत ना, हे महिन्याभरात एकदा मागे हात घालून बघा. आणि लाल लालला लागलंय ना, तेही.